ब्लूग्रास जॅमला ढोलकी नेली त्याची गोष्ट (आणि पुढचं बरंच काही)

केरीवाला_बंड्या

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज राहवलं नाही. विषय जरा आडगल्लीतला आहे पण संगीत विभागात आरडी आणि गझल सोडून पण काहीतरी येऊ दे की.

तर मी बारा वर्षं झाली नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतोय, रालीला चिकटून असलेलं गाव. इथे आता मराठी माणूस इतका झालाय की दुकानात मेथीची जुडी उलटीपालटी करत असलो की मागून "अहो जरा सरकता का" ऐकू येतं. रालीत २०१३ पासून दर सप्टेंबरअखेर ब्लूग्रासची, म्हणजे अमेरिकेतल्या एका तंतुवाद्यांच्या संगीताची, जत्रा भरायची. जत्राच म्हणतो मी. फेएटव्हिल स्ट्रीट हा डाउनटाउनचा मुख्य रस्ता गाड्यांना बंद, ठिकठिकाणी स्टेज, रस्त्यावरचं सगळं फुकट, आणि खरी मजा स्टेजवर नाहीच, हॉटेलांच्या लॉबीत आणि फुटपाथवर कोंडाळं करून वाजवणाऱ्यांत. कोण कुठला पत्ता नाही, बॅंजोची पेटी उघडायची आणि घुसायचं. आयबीएमए म्हणून या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचा हा वार्षिक मेळावा. २०२४ ला इथला शेवटचा झाला, २०२५ पासून तो टेनेसीत चॅटनूगाला गेला. म्हणजे इतकी वर्षं गंगा दारातून वाहत होती आणि त्यातली पहिली चार मी पार्किंग मिळत नाही म्हणून शिव्या देत घालवली.

मग एकदा बायकोबरोबर तिथे कणीस खात उभा होतो, समोर पाच जण वाजवत होते, त्यातली बॅंजोवाली मुलगी फार तर चौदाची असेल, आणि तिची तीन बोटं अशी चालली होती की मला शिवणयंत्राची सुई आठवली. दुसऱ्या आठवड्यात मॅंडोलिन विकत घेतलं. स्वस्तातलंच. बायको अजून ते कणीस महागात पडलं म्हणते.

तर आता ढोलकी. इथे दर गुरुवारी एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जॅम असतो. गोल बसायचं, कोणीतरी गाणं आणि पट्टी सांगतो, चालू. कडव्यांच्या मध्ये एकेकाला वाजवायची पाळी मिळते त्याला ब्रेक म्हणतात, बोलून कोणी सांगत नाही, नुसती मान हलवून पुढच्याकडे ढकलतात, नको असेल तर आपण पण मान हलवायची. आणि गाणं संपवायचं असलं की गाणारा एक पाय वर उचलतो, तो पाय दिसला की सगळे एकदम थांबतात. माझा एक मित्र आहे, मूळचा नारायणगावचा, ढोलकी कमाल वाजवतो. म्हटलं चल. तो ढोलकी घेऊन आला, बसला, पुडीवरून हात फिरवला आणि सगळी खोली गप्प. माझ्या शेजारी एक आजोबा बसतात, ऐंशीच्या आसपास. ते अगदी गोड बोलले, म्हणाले चहा-कॉफी घ्या, बसा, ऐका, पण इथे ड्रम नसतो. मित्राने विचारलं का. तर त्यांनी आपलं मॅंडोलिन छातीशी धरलं, चार बोटं तारांवर दाबली, एक फटका मारला आणि लगेच बोटं किंचित सैल सोडली. चक्. सूर मेला, नुसता आवाज राहिला. चक्, चक्, चक्. म्हणाले हा ड्रम.

मित्र घरी येईपर्यंत काही बोलला नाही, मग म्हणाला, त्यांचं बरोबर आहे रे, जागा भरलेली आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच चाललंय. हे संगीत कायम 'हे आमचं नव्हे' म्हणत आलंय आणि तरी गेल्या पन्नास वर्षांत ते ओळखू येणार नाही इतकं बदललंय, मग बदललं कसं? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच: बिल मनरो नावाचा केंटकीचा मॅंडोलिनवाला, केंटकी म्हणजे 'ब्लूग्रास स्टेट' म्हणून बॅंडचं नाव ब्लू ग्रास बॉईज. १९३९ पासून नॅशव्हिलच्या ग्रॅंड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात. १९४५ च्या शेवटाला त्यात अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा पोरगा तीन बोटांचा बॅंजो घेऊन आला आणि तिथून पुढे जे वाजलं त्याला लोक ब्लूग्रास म्हणायला लागले. गिटार, बॅंजो, मॅंडोलिन, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), उभा बास. संपलं.

तुम्ही कोणी ऐकता का? की मी एकटाच येडा?

--

सावंतवाडी_लोकल

मी पयला! अरे आमच्याकडे गणपतीत बेंजो पार्टी असते तोच ना हा बेंजो? आमच्या वाडीतला एक बाबल्या त्याच्यावर कुठलंही गाणं वाजवतो, मिरवणुकीत ट्रॉलीवर उभा राहून. अमेरिकेत पण पोचला म्हणजे कोकणी माणूस :)

--

केरीवाला_बंड्या

@सावंतवाडी_लोकल, अहो नाही नाही. नाव तेवढं एक. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात, मूळ जपानी ताइशोगोतो, पुढे आपल्याकडे त्याला पिकअप लावून वीज दिली. हा अमेरिकेतला बॅंजो म्हणजे गोल कातड्यावर लांब दांडा, पाच तारा. त्याचं मूळ आफ्रिकेत, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आला. पण बाबल्याला सांगा की स्पीडमध्ये दोघं भाऊ शोभतील.

--

तालमीतला_तबलजी

बंड्याभाऊ तुमचे आजोबा काय बोलले ते तालाच्या भाषेत सांगतो, मला पण हे उशिरा कळलं. चार मात्रा धरा. बास एक आणि तीनवर, मॅंडोलिनचा चॉप, म्हणजे तुमचं ते 'चक्', दोन आणि चारवर. म्हणजे आपल्या केरव्यात डग्ग्याचं काम आणि चाटेचं काम दोन वेगळ्या माणसांना वाटून दिलंय, धा एकाने म्हणायचा ना दुसऱ्याने. त्यामुळे तुमचा मित्र म्हणाला ते शंभर टक्के खरं, ढोलकी आली की बास आणि मॅंडोलिन दोघांच्या पोटावर पाय.

आता बॅंजो. स्क्रग्जची जी तीन बोटं आहेत, अंगठा, तर्जनी, मध्यमा, ती एका आवर्तनात आठ सूर काढतात. पण बोटं तीन आणि सूर आठ, भागाकार होत नाही! म्हणून तो ३+३+२ असा तुटतो. फॉरवर्ड रोल म्हणतात त्याला. खाली सरळ चार चाललेत आणि वर ही तीनाची चाल वाकडी जातेय आणि समेवर बरोब्बर येतेय, म्हणून तुम्हाला ते 'पळतंय' असं वाटतं, लय तेवढी जलद नसली तरी. शिवाय पाचवी तार अर्ध्यातूनच सुरू होते, आखूड, वरच्या सुरात लावलेली, अंगठ्याने सतत छेडायची. सतारीची चिकारी! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खुर्चीवरून उठलो होतो.

--

आळशी_बोका

बाप रे. मी ऐकून बघितलं तीन गाणी. सगळी सारखीच वाटली राव. कोणीतरी मेलंय किंवा कोणीतरी घर सोडून गेलंय आणि वाजवणारे मात्र लग्नाच्या वरातीत असल्यासारखे.

--

जुनं_ते_खणखणीत

@आळशी_बोका, तेच तर त्याचं सौंदर्य आहे हो. दुःख गळ्यात आणि उत्सव बोटात.

मी या विषयात जरा जुना आहे म्हणून लिहितो. ऐंशीच्या दशकात टेनेसीत शिकायला होतो, जॉन्सन सिटीला, तिथल्या युनिव्हर्सिटीत १९८२ साली ब्लूग्रास शिकवायला सुरुवात झाली होती आणि आम्ही दोघं देशी कोपऱ्यात बसून ऐकायचो. मनरोला प्रत्यक्ष ऐकलंय. तो १९९६ ला गेला. स्पष्ट सांगायचं तर त्याच्याबरोबर बरंच काही गेलं. नंतर जे चाललंय त्याला तुम्ही तंतुवाद्यांचा रॉक म्हणा, जॅम बॅंड म्हणा, काही म्हणा, पण ब्लूग्रास म्हणू नका. वीस वीस मिनिटं एकच गाणं ताणायचं, पायाखाली इफेक्टचे पेडल, समोर धुराचं मशीन. मनरो तीन मिनिटांत जे सांगायचा ते यांना वीस मिनिटांत जमत नाही. एका मायक्रोफोनभोवती पाच माणसं उभी राहायची, ज्याचा ब्रेक त्याने पुढे सरकायचं, बाकीच्यांनी वाट द्यायची, कोणाचा दांडा कोणाच्या डोळ्यात जात नसे, नाचच असायचा तो. आवाजाचं मिक्सिंग पायांनी व्हायचं. आता प्रत्येकाला वेगळा मॉनिटर.

तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. दुकानाच्या मागच्या खोलीत तरी कोणीतरी दार धरून उभं आहे.

--

केरीवाला_बंड्या

काका, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच हेवा वाटला, मनरोला ऐकलंय म्हणजे विषयच संपला. पण भांडायची परवानगी द्या.

'शुद्ध' ब्लूग्रास म्हणजे नक्की कधीचं? मनरोच्याच बॅंडमध्ये १९४३ ते ४६ सॅली अ‍ॅन फॉरेस्टर होती, आणि ती काय वाजवायची? अकॉर्डियन! पेटीची परदेशी बहीण. १९४५ च्या रेकॉर्डवर ऐकू येते. म्हणजे ब्लूग्रासच्या बापाच्या बॅंडमध्ये बाई पण होती आणि भाता पण होता, आणि आज जॅममध्ये कोणी अकॉर्डियन काढलं तर माझे आजोबा त्याला पण कॉफी पाजून बसवतील. जिमी मार्टिनने स्नेअर ड्रम घेतला. ऑस्बोर्न ब्रदर्सनी विजेची वाद्यं घेतली, त्यांचं 'रॉकी टॉप' १९६७ चं. ज्याला आपण परंपरा म्हणतोय ती रेडिओवर जन्मली, माझी आजी तिच्यापेक्षा मोठी होती.

मला वाटतं हे असं झालं: नियम करणाऱ्यानेच आधी सगळं चाखून बघितलं, मग पान पुसलं, आणि नंतर आलेल्यांना फक्त पुसलेलं पान दिसलं.

आणि बदल १९९६ नंतर नाही सुरू झाला. सॅम बुश पण केंटकीचाच, त्याचं न्यू ग्रास रिव्हायव्हल १९७१ चं. लांब केस, विजेचा बास, आणि पहिल्याच रेकॉर्डवर जेरी ली लुईसचं रॉक अँड रोल गाणं मॅंडोलिन-फिडलवर. तिकडे कॅलिफोर्नियात ग्रेटफुल डेड या रॉक बॅंडचा जेरी गार्सिया, मुळात तो बॅंजोवालाच, १९७३ मध्ये पीटर रोवन, डेव्हिड ग्रिसमन, व्हॅसर क्लेमंट्स यांच्याबरोबर ओल्ड अँड इन द वे काढून बसला, आणि त्याच्यामागे आलेली जी हिप्पी पोरं होती ती परत गेलीच नाहीत. कोलोरॅडोत टेल्युराइडच्या महोत्सवात अजून येतात, आता गुडघे धरत. तुम्ही ज्या धुराच्या मशीनला नावं ठेवताय त्याची वात पन्नास वर्षांपूर्वी लागलीय काका.

--

जुनं_ते_खणखणीत

अकॉर्डियन मान्य. दुखऱ्या जागी मारलंत. पण मनरोने ते ठेवलं का? नाही ठेवलं. निवड म्हणतात त्याला. घराणं हे काय घेतलं यापेक्षा काय टाकलं यावर उभं राहतं.

--

आळशी_बोका

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

--

उंबरठ्यावरची

काकांच्या 'निवडी'वरून एक आठवलं, कोणाकोणाला टाकलं तेही बघू. या संगीतात बायकांनी गायचं, फार तर बास धरून मागे उभं राहायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. आयबीएमएचे वाद्यांचे पुरस्कार बघा, एकेक दार कधी उघडलं ते. बॅंजो अ‍ॅलिसन ब्राउन १९९१. बास मिसी रेन्स १९९८. मॅंडोलिन सिएरा हल आणि फिडल बेकी बुलर, दोन्ही २०१६. गिटार सगळ्यात शेवटी, २०१७, मॉली टटल, आणि पुढच्या वर्षी परत तीच. पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत सव्वीस वर्षं!

मॉलीचं सांगायलाच हवं. कॅलिफोर्नियाची, लहानपणीच अ‍ॅलोपेशियामुळे केस गेलेले, स्टेजवर कधी विग घालते कधी काढून ठेवते. आणि उजवा हात असा की मी गिटारचा क्लास लावला होता तो तिला बघून सोडला, कोणी करू शकत असेल तर करू दे म्हटलं. 'क्रूकेड ट्री' २०२२ चा, ग्रॅमी मिळालं, पुढच्या 'सिटी ऑफ गोल्ड'ला पण. वाजवते अगदी काकांना आवडेल असं, पण गाण्यातली बाई कुणाची वाट बघत खिडकीत बसलेली नाही. जुन्या ब्लूग्रासमध्ये बाई म्हणजे एक तर देवाघरी गेलेली आई नाहीतर नदीकाठी मारून टाकलेली प्रेयसी. गंमत नाही, खरंच त्या खुनाच्या गाण्यांचा वेगळा प्रकारच आहे.

आणि हे सगळं अ‍ॅलिसन क्राउसशिवाय झालं नसतं. १९८७ ला पहिली रेकॉर्ड, तेव्हा पोरगी जेमतेम पंधरा-सोळाची. तिने काय केलं, तर आवाज खाली आणला. मनरोसारखं टिपेला जाऊन किंचाळायचं नाही, कानाशी येऊन गायचं. १९९५ चा तिचा संग्रह ज्यांनी घेतला त्यातल्या निम्म्यांना आपण ब्लूग्रासवाल्या बाईला ऐकतोय हे माहीत पण नसेल. सत्तावीस ग्रॅमी आहेत तिच्याकडे, २०२१ ला बियॉन्से पुढे जाईपर्यंत बायकांमध्ये तिच्याइतके कुणाचेच नव्हते.

--

अडाणी_श्रोता

मी बरीच वर्षं झाली एक सिनेमा बघितला होता, तीन कैदी पळतात आणि रेडिओ स्टेशनवर गाणं म्हणतात. ते ब्लूग्रास का? ते गाणं डोक्यातून जात नाही.

--

केरीवाला_बंड्या

@अडाणी_श्रोता तोच! 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ', २०००, कोएन बंधू. ओठ जॉर्ज क्लूनीचे, आवाज डॅन टिमिन्स्कीचा, तो तेव्हा अ‍ॅलिसन क्राउसच्याच बॅंडमधला गिटारवाला. गंमत म्हणजे सिनेमा घडतो १९३७ मध्ये, तेव्हा ब्लूग्रास जन्माला पण आलं नव्हतं, आणि साउंडट्रॅकवर ब्लूग्रासपेक्षा जुनी लोकगीतं, भजनं, तुरुंगातली गाणीच जास्त. पण ती सीडी अमेरिकेत लाखांनी खपली, २००२ ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी तिलाच. त्यात राल्फ स्टॅनलीने मरणाला उद्देशून एक गाणं म्हटलंय, एकही वाद्य नाही, नुसता सत्तरी ओलांडलेला चिरका गळा. रात्री एकट्याने ऐकू नका. उभा जन्म बॅंजो वाजवला त्या माणसाने आणि ग्रॅमी मिळालं ते वाद्याशिवाय.

त्यानंतर वाद्यांच्या दुकानात बॅंजो मागणारे शहरी लोक वाढले. माझे आजोबा त्या वर्षांत आलेल्यांना अजून 'सिनेमावाले' म्हणतात. मी 'कणीसवाला'.

@उंबरठ्यावरची, यादी जपून ठेवली. सिएरा हलला मी फेएटव्हिल स्ट्रीटवर बघितलंय, मॅंडोलिन तिच्या हातात खेळणं वाटतं.

--

तालमीतला_तबलजी

इथे अजून बेला फ्लेकचं नाव कसं नाही? न्यूयॉर्कचा पोरगा, टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेच्या शीर्षकगीतात स्क्रग्जचा बॅंजो ऐकला आणि गेला. १९८१ ला न्यू ग्रास रिव्हायव्हलमध्ये आला, १९८९ ला तो बॅंड मोडला, तोवर स्वतःचे फ्लेकटोन्स काढलेले, बॅंजो आणि जॅझ आणि ड्रमऐवजी गिटारच्या आकाराचं एक यंत्र वाजवणारा माणूस.

पण आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे झाकीरभाई. माहीमचा माणूस. २००६ ला नॅशव्हिलच्या नव्या सिम्फनी हॉलसाठी बॅंजो, तबला आणि एडगर मायरचा डबल बास अशा तिघांचा कॉन्चेर्टो, २००९ ला त्याची 'मेलडी ऑफ रिदम' ही रेकॉर्ड आली. मग २०२३ ला 'अ‍ॅज वुई स्पीक', यात बासरीवर राकेश चौरसिया. त्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन ग्रॅमी. झाकीरभाईंना त्याच रात्री त्यांच्या 'शक्ती' बॅंडचं धरून तीन. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते गेले. अजून लिहिताना हात थांबतो.

मी या चौघांना इथे ऐकलंय. सांगायची गोष्ट ही, की त्यात बॅंजो ब्लूग्रास वाजवत नाही आणि तबला ठेका धरत नाही. एके ठिकाणी फ्लेकने तोच ३+३+२ चा रोल धरला, अगदी स्क्रग्जचा, आणि झाकीरभाईंनी त्याच्यातल्या तिनांवरच बोट ठेवलं, तीन, तीन, तीन, आम्ही मोजतोय की हा आता दोनवर कधी येणार, आणि तिहाई बांधून दोघं असे समेवर आले की शेजारचा गोरा माणूस माझ्याकडे वळून हसायला लागला. बॅंजोत ते तीन पहिल्यापासून होते हो, कोणीतरी मोजायला हवं होतं एवढंच.

तेव्हा तुमच्या ढोलकीवाल्या मित्राला सांगा, ठेका धरायला जाऊ नको. जागा खरंच भरलेली आहे. बॅंजोशी बोलायला जा.

--

उंबरठ्यावरची

दंडवत _/\_ हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा.

--

जुनं_ते_खणखणीत

तबलजी, सुंदर लिहिलंत. पण तुम्हीच म्हणालात, बॅंजो ब्लूग्रास वाजवत नाही. मग माझं म्हणणं वेगळं काय आहे? फ्लेक थोर आहे, वादच नाही, पण तो स्वतः पण त्याला ब्लूग्रास म्हणत नसावा. २०२१ ला 'माय ब्लूग्रास हार्ट' काढला तेव्हा मुद्दाम त्या नावाने घरी परत आला. घर आहे म्हणून परत येता आलं.

क्रिस थिलीचंही तेच. निकल क्रीक या बॅंडमध्ये पोरगा होता, मॅंडोलिनवर असा हात मी मनरोनंतर ऐकला नाही, आणि मग पंच ब्रदर्स काढून चार भागांची चाळीस मिनिटांची रचना, आणि मॅंडोलिनवर बाख! मी ऐकलं. दोनदा ऐकलं. आदर वाटला. तिसऱ्यांदा लावलं नाही.

टोनी राइसबद्दल मात्र कोणी लिहिलं नाही याचं वाईट वाटतं. आज जो कोणी ब्लूग्रास गिटार वाजवतो तो त्याचं देणं लागतो. गळाही तसाच, खर्जातला, मऊ. १९९४ च्या सुमारास आवाज गेला, नंतर गायलाच नाही. तुमच्या रालीतच २०१३ ला त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा भाषण करता करता घोगऱ्या आवाजातून एकदम त्याने आपला जुना बोलण्याचा आवाज काढून दाखवला, काही क्षणच. चित्रफीत आहे, बघा. २०२० च्या नाताळच्या दिवशी गेला.

--

केरीवाला_बंड्या

काका ती चित्रफीत मी बघितलीय. तेव्हा मी तिथून पंधरा मैलांवर पार्किंगला शिव्या देत होतो :(

--

मेबनची_वाट

एक राहिलं. बंड्याने पहिल्याच प्रतिसादात बॅंजो आफ्रिकेतून आला लिहिलं आणि सगळे पुढे गेले. पुढे जाऊ नका ना. केरीहून तासाभरावर मेबन म्हणून गाव आहे, तिथे जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवाले होते, २०१२ ला गेले. बॅंजोवाली रियानन गिडन्स आणि तिचे दोन मित्र त्यांच्याकडे जाऊन शिकायचे, समोर बसून, आपल्याकडे गुरूकडे बसतात तसं. त्यातून कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बॅंड झाला, २०११ ला त्यांना ग्रॅमी. २०१७ ला तिने रालीतच आयबीएमएच्या मेळाव्यात भाषण दिलं, मुद्दा हाच की बॅंजो मुळात काळ्या लोकांचा आणि या इतिहासातून तेच पुसले गेले. मनरो स्वतः लहानपणी आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय खाणकामगाराबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत गिटार वाजवायचा, त्याचं ऋण त्याने मानलं होतं. २०२० पासून आता शुल्ट्झच्या नावाने निधी आहे. आणि २०२४ ला बियॉन्सेच्या 'टेक्सस होल्ड एम'मध्ये सुरुवातीला जो बॅंजो वाजतो तो गिडन्सचा.

काकांनी घराण्याचं म्हटलं ना, काय टाकलं त्यावर उभं राहतं. बरोबर आहे. फक्त टाकणाऱ्याला विचारून झालं, टाकलेल्यांना पण विचारा.

--

जुनं_ते_खणखणीत

हे मला कबूल आहे. पूर्ण.

--

सावंतवाडी_लोकल

एवढं वाचून मी आता बिली स्ट्रिंग्ज म्हणून एक ऐकतोय, युट्यूबने आपणहून लावलं. ह्याच्या हातावर टॅटू, केस मोकळे, समोर स्टेडियमभर पब्लिक. हा पण तुमच्यातलाच काय?

--

केरीवाला_बंड्या

@सावंतवाडी_लोकल, आमच्यातला काय, आत्ता सगळ्यात मोठा तोच. मिशिगनचा, १९९२ चा जन्म. सावत्र वडिलांनी लहानपणीच जुनी गाणी हातात दिली, घरात व्यसनाची वाताहत, मध्ये मेटल बॅंडमध्ये जाऊन आला आणि मग परत इथे. पहिलं जे गाणं पसरलं ते मेथ या ड्रगच्या पुडीवरचं, पण चाल अशी की मनरोने १९५० ला लिहिली असती. 'होम'ला २०२१ ला ग्रॅमी. काका ज्या वीस मिनिटांच्या गाण्यांवर चिडलेत ती हाच वाजवतो, पेडल पण ह्याचेच. पण मोजा: गिटार, बॅंजो, मॅंडोलिन, फिडल, बास. बास्केटबॉलच्या स्टेडियममध्ये हजारो माणसं उड्या मारतायत आणि स्टेजवर ड्रम नाही. चक्, चक्, तेच मॅंडोलिन.

--

जुनं_ते_खणखणीत

त्याने २०२२ ला त्याच वडिलांबरोबर एक रेकॉर्ड केली, 'मी/अँड/डॅड'. जुनी गाणी, बाप आणि पोरगा मिळून. ती माझ्याकडे आहे. बाकीचं तुम्ही ऐका.

--

आळशी_बोका

काका विरघळले. धागा सत्कारणी.

(आणि हो, पाचवं गाणं ऐकल्यावर सारखी नाही वाटली. चौथ्यापर्यंत वाटली.)

--

केरीवाला_बंड्या

अपडेट. काल गुरुवार होता. तबलजींचा प्रतिसाद मित्राला वाचून दाखवला, तो म्हणाला बघू. ढोलकी घेतली नाही, रिकामा आला, मागे खुर्ची टाकून बसला. तासभर ऐकलं. मग एक बॅंजोवाला एकटाच कोपऱ्यात रोल घोटत होता, हा त्याच्याजवळ गेला आणि बाकाच्या फळीवर दोन बोटांनी तीन-तीन-दोन धरलं, अगदी हळू. तो थांबला, बघितलं, परत सुरू केलं. मग मित्राने तीन-तीन-तीन केलं. बॅंजोवाला चुकला आणि जोरात हसला, परत एकदा म्हणाला. असं चारपाच वेळा झालं.

आजोबा लांबून बघत होते, बोलले काही नाहीत. गोल परत बसला तेव्हा मित्राची खुर्ची मागेच होती, ती त्यांनी पायाने थोडी पुढे ओढली. गोलात नाही, पण पुढे.

ढोलकी गाडीच्या डिकीत आहे असं तो जाताना मला म्हणाला.